तव्यावरचे पाय

"हसतोय! तापल्या तव्यावर उभा राहून हसतोय बघा!"

भांडुपच्या टेकडीवर मंडपात एका भक्ताकडे बघून दोनशे माणसं टाळ्या पिटत होती. तवेवाले महाराज गरजले, "वेदना गेली की व्याधी गेली! देवीनं पाय पदरात घेतला!" देवीला दुसरी कामं नाहीत जशी!

मी रत्नप्रभा, दवाखान्यात ड्रेसिंग करते. डायबिटीसनं माझ्या काशीरामदादाच्या तळव्याला जखम झाली होती, बोट काळं पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आजच अ‍ॅडमिट व्हा." पण दादाची गिरणी संपात गेलेली, आता वॉचमनची नोकरी.

"गो रत्ना, पाय कापलो तर पोरांक कोण पोसतलो? आणि आता दुखतच नाय बघ!"

"अरे दादा, तेच तर वाईट आहे!"

ऐकतोय कुठे! दवाखाना सोडून तो महाराजांकडेच निघाला. शेवटी मीही त्याच्यासोबत रांगेत उभी राहिले.

मंडपाच्या तोंडाशी वनमाला नावाची भक्तीण प्रत्येकाचे पाय धूत होती. माझा पाय धुताना तळव्याला टचकन टोचलं. "आई गं!" मी पाय ओढला.

"भक्ती कच्ची. मागे बसा," ती म्हणाली.

मग दादाचा पाय धुतला. तो ढिम्म हलला नाही.

"पक्का भक्त! पुढे व्हा!"

दादा पुढे गेला. मला संशय आला, मी वनमालाची मूठ उघडली. आत केसांची पिन! मी ती हिसकावून घेतली. मेल्यांनी भक्त निवडलेच नव्हते, बधिर पाय निवडले होते!

मी धावले, पण उशीर झाला होता. दादा तव्यावर चढला होता. "रत्ना, बघ गो, कायेक नाय!" तो हसत होता आणि मला कातडं जळाल्याचा वास येत होता. मी त्याला ओढून खाली पाडलं. तळव्याचं कातडं तव्यालाच राहिलं.

टाळ्या थांबल्या. मी पिन उंच धरून ओरडले, "ज्याला टोचलेलं कळत नाही, त्यालाच हे तव्यावर चढवतात! आजारानं पाय बधिर होतो, कृपेनं नाही! महाराज, आता तुम्ही चढा!"

"आम्ही... आम्ही फक्त निमित्त," महाराज पुटपुटले आणि कनातीखालून सटकले.

दादाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर तो कण्हला, "दुखता गो." मी पदर तोंडाशी धरून रडले. बोट काळं पडलं तेव्हाच आला असता, तर बोटावर भागलं असतं.

बाबांनो, डायबिटीस असेल तर रोज तळवा उजेडात बघा. दुखत नाही म्हणून खूश होऊ नका. जखम दिसली की दवाखाना गाठा, चालत येता येतंय तोवर या.