आत्याने फेकलेला भात

"आत्या, शेडमधल्या भाताच्या पिशव्या कुठे गेल्या?"

"त्या पांढरी बुरशी आलेल्या? शी! फेकल्या मागच्या खड्ड्यात. एवढी शिकतेस आणि नासकं साठवतेस!"

घरातल्या थोरल्या लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. कॉफीच्या फळात भोक पाडून बसणाऱ्या भुंगेऱ्याला मारणारी ती बुरशी! शिजवलेल्या भातावर तिने ती लेकरासारखी वाढवली होती. आज संध्याकाळपर्यंत ती फवारली नाही, तर बाबा अख्ख्या बागेवर विष मारणार होते. बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

ती धावत सुटली. पिशव्या फुटल्या होत्या आणि ऊन खड्ड्याच्या काठाला येऊन टेकलं होतं. उन्हात ही बुरशी तग धरत नाही. तिने डोक्याचा रुमाल पसरला, पण तो पडला टीचभर.

"आत्या, छत्री आण! पळ!"

आत्या धापा टाकत आली. "अगं, नासक्या भाताला कसली छत्री?"

"नासका नाही गं, भुंगेऱ्यांचा काळ आहे तो! ती बुरशी मेली तर बागेत विष येईल."

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. तिने छत्री उघडली आणि एका हाताने नाक दाबून ती भातावर धरून राहिली. थोरली ओंजळीने भात बादलीत भरत होती.

ऊन कललं. भात पाण्यात कालवून, गाळून पंपात भरेपर्यंत बाबा विषाचा डबा घेऊन हजर.

"काय, झालं का तुझं?"

थोरलीने तोंड उघडायच्या आत आत्याने पंप उचलून खांद्याला लावला.

"दादा, डबा ठेव खाली. आधी आमचा भात फवारून होऊ दे."