जांभळ्या मखमलीचा झगा

"आता बघ गो. येतंय वास?"

कोकिळाने ओल्या हातांनी झगा सुनेच्या नाकापुढे धरला. हाताच्या पंजाएवढा बाहुलीचा झगा, जांभळ्या मखमलीचा, गळ्याला लेसची बारीक झालर. प्राप्तीने डोळे मिटून हुंगला, मग उलटा करून अस्तराकडूनही हुंगला.

"नाही आई, गेला. जरासा व्हिनेगरचा आहे, तो वाऱ्यावर उडेल."

"मांजराचा?"

"अजिबात नाही."

झगा कोकिळाने टॉवेलात गुंडाळून हलकेच दाबला, पाणी टिपलं आणि मधल्या खोलीतल्या दोरीवर चिमट्याने लावला. तिला वास येत होता. उग्र, आंबूस, नाकात सुईसारखा शिरणारा मांजराचा वास. आणि तिला वास येणं हेच मुळात अशक्य होतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती आणि तिचा नवरा गणराज बरोबरच आजारी पडले. गणराज ट्रक चालवायचा. त्याला अलिबागला दवाखान्यात नेलं, तो परत आला नाही. कोकिळा बरी झाली, पण नाक गेलं ते गेलंच. सुरुवातीला कपाट उघडून त्याचा खुंटीवरून काढलेला, न धुतलेला शर्ट ती तोंडावर दाबून धरायची. नुसतं सुती कापड, बाकी काही नाही. हळूहळू तिने ते कपाट उघडणं सोडलं.

आक्षी-नागावच्या बंगल्यांतले भारी कपडे धुणं हे तिचं वर्षानुवर्षांचं काम. रेशमी पडदे, विणलेली अंथरुणं, लोकरीच्या शाली. प्राप्ती लग्न होऊन आली आणि तिने वेगळीच टूम काढली. मुंबईकर बंगले विकायला लागले की त्यांतली जुनी खेळणी ती उचलायची, साफ करून मोबाईलवर फोटो टाकायची आणि विकायची. बाहुल्यांचे कपडे धुवायचं काम सासूकडे आलं. सासूचे हात आणि सुनेचं नाक, असं ते चालायचं.

ही ट्रंक नागावच्या एका बंगल्यातून आली होती. नीराबाई नावाची म्हातारी बाई तिथे एकटी राहायची. ती गेल्यावर तिचा भाचा दिपेश याने सगळं सामान काढून टाकलं. ट्रंकेत जुन्या परदेशी बाहुल्या होत्या आणि त्यांचे हाताने शिवलेले झगे, रेशमाचे, जाळीचे, मखमलीचे. सगळे मांजराच्या मुताने कडक झालेले. ट्रंक उघडली तेव्हा शेजारची सखुबाई कुंपणाशी येऊन म्हणाली होती, "काय मेलंय गो तुमच्यान?"

कोकिळाने घाई केली नाही. गरम पाणी लागलं तर तो वास धाग्यात शिजून बसतो, हे तिला ठाऊक होतं. थंड पाण्यात व्हिनेगर घालून भिजत ठेवले, मग रिठ्याच्या पाण्यातून काढले, सावलीत वाळवले, खायच्या सोड्याच्या डब्यात मुरू दिले. एकेक करून सगळे सुटले. प्राप्ती हुंगायची आणि मान डोलवायची. शेवटी हा मखमलीचा राहिला होता, आणि आता प्राप्तीच्या मते तोही सुटला.

प्राप्ती स्वयंपाकघरात वळताच कोकिळा पुन्हा दोरीपाशी गेली. वास होताच. ती मागल्या दारी चुलीशी गेली, तिथे सुकट भाजायला टाकलेली होती. वाकून श्वास घेतला. काही नाही. देवापुढची उदबत्ती नाकाशी धरली. काही नाही. तिने कपाट उघडलं आणि शर्ट काढला.

काहीच नाही.

तिने कपाट लावलं, दोरीखाली जाऊन उभी राहिली आणि त्या घाणेरड्या वासात कितीतरी वेळ श्वास घेत राहिली.

*

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ती ओटीवर वाल सोलत बसली होती. तोवर वास झग्यालाच चिकटलेला होता, तिथून हलला नव्हता. त्या दिवशी तो अंगणातून आला.

जमिनीलगत आला. पायरीपाशी थांबला, मग वर चढला. पावलं वाजली की माणूस मान वर करतं, तशी कोकिळाने मान वर केली. समोर कोणी नव्हतं. वास तिच्या गुडघ्याला घासून गेल्यासारखा दाट झाला, मग विरळ झाला आणि उंबऱ्यातून आत गेला.

ती उठून मागोमाग गेली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण नाक सांगत होतं. वास दोरीखाली थांबला. तिथून कोपऱ्यात गेला, बाकीचे झगे ठेवलेल्या खोक्याभोवती फिरला. पुन्हा दोरीखाली. पुन्हा खोक्याशी. हरवलेली वस्तू शोधणारं माणूस त्याच त्याच जागा बघतं, तसं. मग मागल्या दाराने तो निघून गेला. कोकिळाच्या हातांवर काटा उभा होता, आणि मुठीत वालाचे दाणे तसेच होते.

मग हे रोजचं झालं. दिवे लागायच्या वेळी सखुबाईचा कुत्रा कुंपणाशी यायचा, एकदा गुरगुरायचा आणि शेपूट घालून पडवीत जाऊन बसायचा. पाठोपाठ पायरीवर वास यायचा. कोकिळाला भीती वाटत होती, पण ती त्या वेळेला दुसरं काम ठेवीनाशी झाली. खरं सांगायचं तर ती वाट बघायची. एवढ्या मोठ्या जगात तिच्यासाठी तेवढं एकच काहीतरी उरलं होतं.

एका संध्याकाळी प्राप्ती बाजारातून आली तर सासू अंधारात, दिवा न लावता, खोक्यासमोर उकिडवी बसलेली.

"न्हाय गो इथं," ती म्हणत होती. "काय शोधतंस? मना सांग तरी."

"आई! कोणाशी बोलताय?"

कोकिळा दचकली. प्राप्तीने दिवा लावला. खोक्याचा पुठ्ठा एका बाजूने ओरबाडलेला होता, बारीक बारीक उभ्या रेघांनी.

"उंदीर असेल," प्राप्ती म्हणाली. पण तिने पिशवी खाली ठेवली नाही.

"उंदीर न्हाय. मांजर हाय. रोज येतंय."

"कुठाय मांजर?"

"दिसत न्हाय."

त्या रात्री प्राप्तीने उरणला नवऱ्याला, निकेतला, फोन लावला. निकेत आईशी गोड बोलला, म्हणाला, शनिवारी येतो, डॉक्टरकडे जाऊन येऊ. सकाळी सखुबाईला कळलं, तिने आपला उपाय सांगितला, "झग्यावरून लिंबू उतर नि नारलासंगती टाक दर्यान. दुसऱ्याचं मेलेलं घरान ठेवू नये गो."

प्राप्ती हळू आवाजात म्हणाली, "आई, तो झगा मी विकलाय. ठाण्याच्या बाईंनी नातीसाठी बाहुलीसकट घेतलाय. पण तुमचा जीव त्यात अडकला असेल तर नको म्हणून सांगते त्यांना."

"नको म्हनू नको," कोकिळा म्हणाली. "मना एक दिवस दे."

तिने झगा रुमालात बांधला आणि नागावला जाणारी मिनिडोर रिक्षा पकडली.

*

बंगल्याचं फाटक बंद होतं. आत माळी चांगदेव वाळलेल्या झावळ्या ओढत होता. त्याने तिला ओळखलं. या बंगल्याचे पडदे तिनेच धुतले होते एकेकाळी.

"बायंचं सगलं गेलं," तो म्हणाला. "भांडीसुद्दा ठेवली न्हाय. आता हे घरच पारनार हायत."

"बायंकडं मांजर होतं?"

चांगदेवने झावळी खाली टाकली. "साखर. पांढरी होती, म्हून साखर. तुना कोनी सांगलं?"

"कोनी न्हाय. कुठं हाय ती?"

तो पायरीवर बसला आणि सांगू लागला. नीराबाईंना मूलबाळ नव्हतं. दुपारभर त्या बाहुल्यांचे झगे शिवायच्या आणि साखर त्या उघड्या ट्रंकेत झोपायची. बाईंना मुंबईला दवाखान्यात नेलं, तेव्हापासून ती ट्रंकेतून उठेना. दूध ठेवलं, मासळी ठेवली, तोंड लावीना. म्हातारी झाली होती, तिथेच सगळं करायची. झग्यांत तोंड खुपसून पडायची.

"बायंच्या हातांचा वास असंल त्याला," चांगदेव म्हणाला. "जनावराला काय, मानूस म्हंजे वासच. मी ओढून भायेर काढली, पुन्ना आत. मग तुझी सून टेम्पो घेऊन आली. ट्रंक नेली. ही टेम्पोच्या मागं धावत गेली फाट्यापरत."

"मंग?"

"मंग काय. डांबरी रस्ता तो. मागून डंपर आला."

कोकिळाने रुमाल घट्ट धरला. त्या झग्यातून मांजराचा वास काढता काढता तिने दुसरं काय काय काढून टाकलं, ते तिला आता कळत होतं. थंड पाण्यात भिजवून, रिठ्यात चुबकून, सोड्यात मुरवून तिने बाईंना धाग्याधाग्यातून धुऊन काढलं होतं. ते जनावर एवढ्या लांब चालत आलं होतं, आणि रोज येऊन स्वच्छ कपडे हुंगून परत जात होतं.

"बायंचं काय ऱ्हायलंय का, दादा? न धुतलेलं?"

चांगदेवने डोकं खाजवलं. मग त्याने हाक मारली, "येसू! ती सुया खोचायची उशी आन."

त्याची बायको येसूबाई मागच्या खोलीतून लिंबाएवढी एक लाल उशी घेऊन आली. "बायनीच दिलती मना," ती म्हणाली. "आत कापूस न्हाय, बायंचं केस हायत. फणीतलं केस साठवून भरायच्या. तेलाचं केस, म्हून सुईला गंज धरत न्हाय." मग तिने कोकिळाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि उशी तिच्या हातावर ठेवली.

*

संध्याकाळी प्राप्ती घरात होती, पण कोकिळाने तिला स्वयंपाकघरातच बसायला सांगितलं. उशी तिने घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली होती. ती खोक्याशी ठेवायची, एवढंच करायचं होतं. पण तिने डबा मांडीवरच ठेवला.

उशी मिळाली की साखर जाणार. ती गेली की पुन्हा काही नाही. चहा म्हणजे गरम पाणी, फुलं म्हणजे नुसता रंग. एक दिवस आणखी, तिने मनाशी म्हटलं. उद्या देऊ.

कुत्रा गुरगुरला. वास पायरी चढून आला. आज त्याची चाल मंद होती. दोरीशी गेला. झगा दोरीवर नव्हता, कोकिळाजवळ रुमालात होता, तिथे आला. खोक्याशी गेला. मग तो कुठेच जाईना. खोलीच्या मधोमध थांबून राहिला, आणि हळूहळू गणराजच्या कपाटाकडे वळला. कपाटाच्या बंद दारापाशी तो खाली बसला. दाराच्या फटीशी कोणीतरी नाक लावल्यासारखं कोकिळाला वाटलं.

तिने डब्याच्या झाकणावर हात ठेवला.

"तिथं न्हाय गो बाय," ती म्हणाली. "तिथं मनाबी काय गावलं न्हाय."

तिने डबा उघडला. एकेक सुई काढून बाजूला ठेवली, टोचायला नको म्हणून, आणि उशी जमिनीवर ठेवून ती मागे सरली.

वास आला. उशीभोवती फिरला, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग त्याची सगळी धावपळ थांबली. लाल कापडाला मधोमध खळगा पडला. तो पडताना कोकिळाने पाहिला. त्या क्षणी तिच्या नाकात दुसरंच काही शिरलं. खोबरेल तेल, थोडं चंदन, उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या बाईच्या डोक्याला येतो तसा वास. श्वासभर टिकला. तिने पुढचा श्वास घेतला, तेव्हा तो नव्हता. मांजराचाही नव्हता. तिने गुडघ्यांवर बसून उशी हुंगली, झगा हुंगला, जमीन हुंगली.

प्राप्ती दारात येऊन उभी होती. ती सासूच्या शेजारी बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"झगा दे पाठवून," कोकिळा म्हणाली. "लेकरू वाट बघत असंल."

सकाळी ती उशी घेऊन नागावला गेली. फाट्याजवळ उंडीच्या झाडाखाली चांगदेवने जिथे साखरला पुरलं होतं, तिथे दोघांनी मिळून माती उकरली, उशी आत ठेवली आणि माती सारखी केली. चांगदेवने वर एक दगड ठेवला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

परतीच्या मिनिडोरमध्ये माणसं दाटीवाटीने बसली होती. वाटेत पुढे एक ट्रक लागला, कुजलेल्या मासळीची कुटी खताला नेणारा. त्याच्यातून काळपट पाणी रस्त्यावर गळत होतं. रस्ता अरुंद, पुढे काढायला जागा नाही. बायकांनी तोंडाला पदर लावले, ड्रायव्हरने रुमाल बांधला, एक पोर रडायला लागलं. कोकिळा कडेला बसली होती. पदर मांडीवर, हात पदरावर. समोरून येणारा वारा, तिच्यासाठी नुसता वारा, ती उघड्या तोंडाने घेत राहिली.