तळ न पाहिलेली बाटली

भिंगरीनं तिसरी काचेची बशी, झाकणाची चिकटपट्टी न काढता, खिडकीच्या उजेडात धरली आणि तिची बडबड चक्क थांबली. आई स्वयंपाकघरातून डोकावली. एवढी शांतता म्हणजे पोरीनं काहीतरी फोडलं असणार.

फोडलं काहीच नव्हतं. बशीत जंतू वाढवायला ओतलेल्या जेलीवर हिरवट ठिपक्यांची नुसती जत्रा भरली होती.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं बाबांच्या दवाखान्यातल्या खुर्चीवरचे जंतू मोजायचं ठरवलं होतं. बाबा दातांच्या डॉक्टरांचे मदतनीस. पेशंट उठला की निळ्या बाटलीतलं जंतुनाशक फवारून खुर्ची लख्ख पुसायची, हे त्यांचं काम. पण पुसण्याआधीच्या बशीत चार ठिपके आणि पुसल्यानंतरच्या बशीत पन्नास, असं उफराटं निघालं. म्हणून तिसऱ्या बशीत तिनं थेट बाटलीतलाच थेंब सोडला होता.

बशी घेऊन ती शाळेत पळाली ती विज्ञानाच्या बाईंचं डोकं खाऊनच परतली. बाबा हात धूत होते. त्यांच्या पाठीमागे उभं राहून तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. हे जंतू बाटलीच्या आतल्या भिंतीला चिकटतात, वर बुळबुळीत थर करतात. औषध वरच्यांना मारतं, तळाशी पोचेपर्यंत त्याचा जोर सरतो. जे वाचतात त्यांची पिलावळ मग तेवढ्या औषधाला भीकही घालत नाही. बाटली कधी रिकामी करून घासलीच नाही, नुसती वरून भरत राहिलं, की त्यांचं फावतं आणि...

ती थबकली. रोज संध्याकाळी कमी झालं तेवढं औषध ओतायचं आणि "अकरा वर्षांत ह्या बाटलीनं तळ पाहिलेला नाही," असं नव्या पेशंटला ऐकवायचं, हा बाबांचा शिरस्ता होता.

"माझ्याच बाटलीतला थेंब?" त्यांनी विचारलं.

"मी नाव नाही लिहिणार, बाबा. 'एक बाटली' एवढंच लिहीन."

ते एकेक बोट वेगळं धरून हात पुसत राहिले. प्रदर्शनाचे परीक्षक त्यांचेच डॉक्टर होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी भिंगरी उठायच्या आत ते घराबाहेर पडले होते.

त्याच दुपारी प्रदर्शनात डॉक्टर तिच्या टेबलाशी आले, चष्मा कपाळावर चढवून तिसऱ्या बशीवर वाकले. अजिबात घाई न करता त्यांनी बशीसमोरची चिठ्ठी वाचली.

"ही 'एक बाटली' कुणाची गं?"

जिच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं, ती भिंगरी चिठ्ठीचा कोपरा दुमडत राहिली.

मागून प्लॅस्टिकची चुरचुर ऐकू आली. बाबांनी टेबलावर एक पारदर्शक पिशवी ठेवली, तोंडाला घट्ट गाठ मारलेली. आत निळी बाटली होती, उभी कापून दोन फाका केलेली. आतल्या भिंतीवर पातळ, बुळबुळीत साय चकाकत होती.

"आपलीच आहे, डॉक्टर. मीच भरायचो. दवाखान्यातल्या बाकीच्या चारही फेकल्यात, आज नव्या आणल्या. खुर्ची दोनदा पुसून झालीय."

डॉक्टरांनी पिशवी उचलली, उजेडात धरली. भिंगरी बाबांच्या हातांकडे बघत होती. बोटांची टोकं औषधानं अजून निळसर होती.

"सांग ना त्यांना," बाबा म्हणाले. "ते थराचं. मला सांगितलंस तसं, एका दमात."

भिंगरीनं छाती भरून श्वास घेतला.