गुणवंतरावांच्या मोटारीचा मूळ रंग

कायद्यानं गावाची मालगुजारी जाऊन तीन वर्षं झाली होती, पण ती गेल्याची खबर गुणवंतरावांच्या मानेला कोणी दिली नव्हती. मान अजून ताठच. ब्रह्मपुरीच्या अलीकडच्या आपल्या गावात ते चावडीवरून निघाले, की ओट्यावरची माणसं रामराम घालत, नाही असं नाही. पण बसल्या जागेवरून. एकजण तर सुपारी कातरता कातरता घाली.

त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे थोरल्या मालकांच्या काळात असं नव्हतं. थोरले मालक मोटारीतून निघाले की अख्खं गाव रस्त्याच्या कडेला उभं राही आणि मोटार दिसेनाशी होईपर्यंत माना खाली घालून राही. गुणवंतरावांनी या फरकावर पुष्कळ विचार केला. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं, की दोष कायद्याचा नाही, सरकारचा नाही, मोटारीचा आहे. ती गोठ्यात भाताच्या तणसाखाली पडली होती आणि मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालत होत्या. माणसांनी उभं राहायचं तरी कोणाला पाहून?

तेव्हा ठरलं. मोटार बाहेर काढायची, मूळच्या रंगात रंगवायची आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला तिच्यात बसून जायचं. मंडईला पंचक्रोशी लोटते, दंडारी नाचतात, रात्री नाटक होतं. थोरल्या मालकांची मोटार पुन्हा जशीच्या तशी दिसली की माना आपोआप वाकतील. रंग मात्र हुबेहूब तोच पाहिजे. जरा इकडेतिकडे झाला तर लोक म्हणतील, कुठूनतरी जुनं खोकं आणलं. इंजिन चालत नव्हतं, पण ती किरकोळ बाब होती. ओढायला बैल होते.

"आधी धुऊन घ्या," एवढं बोलून गुणवंतराव दोन दिवसांसाठी चांद्याला गेले. इथंच घात झाला. त्यांच्या घरात सणासाठी बाहेर काढलेली कोणतीही वस्तू घासण्याची एकच रीत होती. समई असो, घंगाळ असो, चिंच, राख आणि विटेचा भुगा. बायको वच्छलाबाईंनी चार बाया बसवल्या आणि स्वतः खुर्ची टाकून देखरेख केली. गुणवंतराव परतले तेव्हा मोटार अंगणात घंगाळासारखी लखलखत होती. रंगाचा टवकाही उरला नव्हता.

"रंग कुठी गेला?" त्यांनी विचारलं.

"नुसते काळे डाग होते जी," वच्छलाबाई म्हणाल्या, "निघाले."

मग इस्तारीला बोलावणं गेलं. इस्तारी नाटकांचे पडदे रंगवी. एकाच पडद्यावर राजवाडा आणि जंगल दोन्ही काढणारा माणूस, त्याला मोटारीचं काय?

"रंग कोणता होता तेवढा सांगा मालक. तसाच कालवून देतो."

"निळा," गुणवंतराव म्हणाले.

"हिरवा," माजघरातून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, गोकुळाबाईंचा आवाज आला. "मी काय आंधळी होती?"

भाऊबहीण दोघंही त्या मोटारीत वर्षानुवर्षं बसलेली. बसणाऱ्याला आतली गादी दिसते. संध्याकाळपर्यंत निळ्या-हिरव्याचं भांडण आजोबांच्या वाटणीपर्यंत पोचलं. मग पेटीतून फोटो निघाला. फोटोत मोटार राखाडी, रस्ता राखाडी, थोरले मालकही राखाडी. इस्तारीनं तो उजेडात धरून आदबीनं विचारलं, "हाच पायजे का जी?"

त्याला फोटो खाली ठेवायला लावून गुणवंतरावांनी शेवटचा उपाय काढला. ज्या गावानं ती मोटार रोज पाहिली, त्यालाच विचारायचं. इस्तारीनं एका फळीवर रंगांचे पट्टे ओढले आणि म्हातारी माणसं वाड्यावर बोलावली गेली. पुढं आला मुखरू. मोटारीसमोर सगळ्यात जास्त वर्षं उभा राहिलेला.

"मुखरू, यातला कोणता?"

मुखरूनं फळी मन लावून पाहिली. "मालक, चाकं काळी होती. मागच्या चाकाले चिखल जास्त राहे."

"चाकाच्या वरचं सांग."

"पायरीवर थोरल्या मालकाचा जोडा दिसे. पिवळा होता."

"अरे, त्याच्या वर."

"वर पाहाले मनाई होती जी."

बाकीच्यांचंही तेच. कोणाला जोड्याची तुटलेली वादी आठवत होती, कोणाला मोटारीची सावली. रंग एकालाही ठाऊक नव्हता. गुणवंतरावांना आधी वडिलांचा अभिमान वाटला आणि पाठोपाठ त्या अभिमानाचाच राग आला.

"एकानंही कधी चोरून पाहिलं नाई?"

"बिरजूनं पायलं होतं," मुखरू म्हणाला. "थोरल्या मालकानं त्याले गावाबाहेर काढलं."

"मंग तो कुठी राह्यते आता?"

"कोणीकडं गेला ते पाहाले मान वर करा लागली असती, मालक."

मुखरूच्या आवाजात कुठंच काही टोचत नव्हतं. तो नुसतं विचारलेलं सांगत होता. गुणवंतरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेवटी इस्तारीनंच तोड काढली. भावाचा निळा आणि बहिणीचा हिरवा एकत्र कालवून त्यानं मोरपंखी रंग केला. नाटकातल्या राजाच्या सिंहासनाला तो हाच लावी. वरून चकाकीचे हात इतके दिले, की मोटारीच्या दारात अंगणातलं तुळशीवृंदावन दिसू लागलं. "हुबेहूब," गुणवंतराव म्हणाले. नाही म्हणणारा कोणी नव्हताच.

मंडईच्या दिवशी बैल जुंपले आणि मोटार निघाली. मागच्या गादीवर फेटा बांधून गुणवंतराव. कोंबड्यांचा वास गेला नव्हता, पण तो फक्त त्यांनाच येत होता. मंडईच्या तोंडाशी गर्दी दुभंगली, बैल थांबले आणि गुणवंतराव ताठ बसले. एक म्हातारा पुढं झाला, मोटारीपाशी थांबला आणि कमरेत वाकला. त्याच्यामागं दुसरा. मग बायाही. बघता बघता दोन्ही बाजूंनी माना खाली गेल्या.

गुणवंतरावांइतका सुखी माणूस त्या दिवशी सगळ्या चांदा जिल्ह्यात नसेल. मोटारीत बसून हे मुजरे घेणं त्यांना बरं वाटेना. ते दार उघडून खाली उतरले, हात जोडले आणि वाकलेल्या माणसांच्या जवळ गेले.

म्हातारा मोटारीत स्वतःला पाहून फेटा सारखा करत होता. त्याच्याशेजारचा मिशीला पीळ देत होता. तलावावरची मासे विकणारी एक बाई टोपली खाली ठेवून दाराच्या चकाकीत कपाळावरचं कुंकू नीट लावत होती. तिच्यावर गुणवंतरावांची सावली पडली.

"भाऊ, जरा बाजूले सरा जी," ती वर न पाहता म्हणाली. "उजेड अडून राह्यला."

थोरल्या मालकांच्या मुलाला जन्मात पहिल्यांदा कोणी भाऊ म्हटलं होतं. हात तसेच जोडलेले ठेवून ते बाजूला सरले.