तो बंदूक

ओल्गाने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि कोलंबी सोलायला घेतली. पडद्यावर ऑड्री कपडे धुण्याच्या दुकानात बाकावर बसली होती. तिच्या अमेरिकेतल्या कॉलेजगावात शनिवारची सकाळ होती. इकडे शारजातल्या अल नहदात दुपार कलली होती आणि समोरच्या टॉवरच्या काचांवरून ऊन ओट्यावर येत होतं.

“सो मेनी प्रॉन्स? पप्पा इज इन वसई. हू इज ईटिंग?”

“मीच. पुरवून खाईन.”

ओल्गा मराठीत विचारायची, ऑड्री इंग्रजीत उत्तर द्यायची. लहानपणी ती ‘तो खिडकी’, ‘ती दार’ म्हणायची आणि ओल्गा तिथल्या तिथे सुधारायची. शाळेत रुळल्यावर ऑड्रीने मराठी बोलणंच सोडलं.

“तिकडे लोक कमरेला पिस्तूल लावून उघड फिरतात म्हणे. तुझ्या गावातसुद्धा?”

“इट्स लीगल, मम्मा. नोबडी इव्हन लुक्स. माय रूममेट सेज इट्स लाइक वेअरिंग अ बेल्ट.”

“आणि तुला काय वाटतं?”

“यू गेट यूज्ड टू इट.”

“डिसेंबरच्या सुट्टीत तरी ये.”

“खलास, मम्मा. आय टोल्ड यू. आय ॲम स्टेइंग हिअर.”

ओल्गाने कोलंबीच्या पाठीतला काळा दोरा सुरीच्या टोकाने अलगद ओढून काढला. शारजात इतकी वर्षं काढून तिने जवळून बंदुका पाहिल्या होत्या त्या फक्त राष्ट्रीय दिनाला, शाळेच्या मैदानावर. नाचणारी मुलं त्या हवेत फेकून झेलत होती. लाकडी होत्या.

दुकानाच्या दाराची घंटी वाजली. ऑड्रीची मान वळली आणि लगेच सरळ झाली. तिच्या मागून टोपी घातलेला एक माणूस कपड्यांची टोपली घेऊन आला. टोपली खाली ठेवायला वाकला तेव्हा त्याच्या कमरेचं काळं पिस्तूल ओल्गाला स्पष्ट दिसलं. गल्ल्यावरच्या बाईने त्याला हसत हसत त्याच्या कुत्र्याची खुशाली विचारली. ऑड्रीच्या शेजारच्या मशीनमध्ये तो कपडे भरू लागला.

“मम्मी,” ऑड्री म्हणाली. कितीतरी वर्षांनी मम्मी. “तो बंदूक एकदम जवळ आहे.”

ओल्गाच्या हातातली सुरी थांबली.

“तू बोल ना.”

“काय बोलू?”

“काय पण. मराठीत बोल.”

ओल्गा बोलू लागली. कालवणात आज चिंच घालू की कोकम. खालच्या बकाल्यातला किराणावाला चाचा केरळला गेलाय, त्याचा पुतण्या शिळी कोथिंबीर देतो. चर्चच्या कॉयरमधली बेव्हर्ली अजून तशीच बेसूर गाते आणि सगळ्यात पुढे उभी राहते.

ऑड्री हसली नाही. डोळे पडद्यावरून न हलवता तिने विचारलं, “आपला लिफ्ट? तो अजून पण खराब?”

“हो,” ओल्गा म्हणाली. “तो अजून खराबच आहे.”

मशीन सुरू झालं. तो माणूस मोकळी टोपली घेऊन निघाला. जाताना त्याने ऑड्रीकडे पाहून टोपीला हात लावला. घंटी पुन्हा वाजली.

ऑड्रीने श्वास सोडला. “ओके. ही लेफ्ट. सी? टोटली फाइन.”

“हो.”

ओल्गाने नळाखाली हात धुतले, पुसले आणि फोन डब्यापासून उचलून हातात घेतला. तिकडे मशीन घुमत होतं.

“ही अर्धी कोलंबी फ्रीझरला टाकते,” ओल्गा म्हणाली. “डिसेंबरपर्यंत टिकेल.”

ऑड्रीने दाराकडे पाहिलं, मग आईकडे.

“ठेव,” ती म्हणाली.