पहिल्या रकान्यातलं नाव

आमच्या संघाचा चेहरा असलेल्या मुलीनं दोन मोसमांत एकही चेंडू खेळला नव्हता. हे मी चुकून लिहिलेलं नाही. मी स्कोअरर आहे, सत्तावीस वर्षं धावा लिहितेय, चुकून लिहायची मला सवय नाही.

मालकांकडे पुरुषांचा संघ आधीपासून होता. बायकांची लीग निघाली तेव्हा त्यांनी तिथलाही एक संघ घेऊन टाकला, सोफ्याबरोबर स्टूल घ्यावं तसा. जाहिरातीच्या फोटोंचा मुहूर्त ठरला सोमवारचा आणि नावाजलेल्या खेळाडू येणार होत्या गुरुवारी. सोमवारी सकाळी मैदानावर पूर्ण गणवेशात एकच मुलगी हजर होती, सगळ्यात शेवटी निवडलेली राखीव फलंदाज. तिचे वडील बसचालक. पहिल्या फेरीला तिला सोडून जायचे, म्हणून ती रोज सगळ्यांच्या आधी यायची. फोटोवाल्यानं हेल्मेट तिच्या काखेत दिलं आणि वर बघ म्हणाला. तिनं वर बघितलं.

फोटो मात्र झकास आला. नजरेत अशी काही जिद्द की बघणाऱ्याला वाटावं, ही आता षटकार मारणार. प्रत्यक्षात ती दिव्याच्या खांबावर बसलेला कावळा बघत होती, हे तिनंच मला सांगितलं. तिकिटांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, चौकातल्या होर्डिंगवर आणि शहरातल्या बसच्या पाठीवर ती झळकली. संघातल्या मुली तिला ‘फोटो’ म्हणू लागल्या. “फोटो, पाणी आण.” “फोटो, ग्लोव्ह्ज.” ती आणायची. पळत.

पहिल्या मोसमात आम्ही सगळेच्या सगळे सामने हरलो. दुसऱ्यात दोन जिंकले, त्यातला एक समोरचा संघ वेळेवर पोहोचला नाही म्हणून. कोच बाईंनी दोनदा सुचवलं, आता हरतोच आहोत तर फोटोला खेळवून बघू. मार्केटिंगच्या साहेबांनी कपाळाला हात लावला.

“आणि शून्यावर गेली तर? अहो, सगळं तिच्या तोंडावर उभं आहे!”

म्हणजे ती इतकी महत्त्वाची होती की तिला खेळवणं परवडत नव्हतं.

पहिल्या मोसमात एकदा तिचे वडील आमच्या स्कोअररच्या खोलीच्या दाराशी आले. ड्युटीचाच गणवेश, टोपी हातात. खोली म्हणजे एक लांब टेबल, दोन खुर्च्या, मैदानाकडची काच, आणि शेजारी समोरच्या संघाचे म्हातारे स्कोअरर. कंप्युटर आहे, पण मी वही सोडलेली नाही.

“ताई, आमच्या पोरीचं नाव कुठल्या पानावर असतं?” त्यांनी विचारलं.

“वहीत फक्त खेळलेल्या अकराजणींची नावं असतात, दादा.”

“म्हणजे नसतंच.”

“अजून नाही.”

त्यांनी मान हलवली. मग जरा हसून म्हणाले, “माझ्याच गाडीच्या मागं आहे ना ती. उतरताना माणसं विचारतात, काल पोरीनं किती केल्या. मी म्हणतो, चाललंय बरं. दुसरं काय सांगू?”

मला त्या माणसासमोर फार ओशाळल्यासारखं झालं. वही माझी आणि तीत त्याला दाखवण्यासारखी एक ओळ नाही. त्यानंतर दर सामन्याला मी अकरा नावं लिहायची आणि बारावं लिहिलं नाही याची टोचणी घेऊन पेन्सिल खाली ठेवायची.

दुसऱ्या मोसमाचा शेवटचा सामना. त्याआधीच्या आठवड्यात ऑफिसनं फतवा काढला होता: दोन मोसमांत जिनं एकही सामना खेळला नाही, तिला पुढच्या मोसमात सोडायचं. फोटोचा करार मात्र पाच वर्षांचा होता. मुलगी जाणार होती, फोटो राहणार होता. यात कुणाला काही विचित्र वाटलं नाही.

त्याच दिवशी ऑफिसनं आणखी एक सुधारणा केली. संघाची यादी आता साध्या कागदावर नको, प्रायोजकांच्या चिन्हांच्या नव्या रंगीत नमुन्यावर हवी. नमुना बनवला मार्केटिंगनं. उदाहरण म्हणून पहिल्या रकान्यात एक नाव टाकायचं होतं आणि ऑफिसला नावानिशी ठाऊक असलेली खेळाडू एकच होती. खालचे दहा रकाने मोकळे. सामन्याच्या सकाळी मॅनेजरांनी कोच बाईंच्या चिठ्ठीवरून भराभर नावं टाकायला घेतली, दहा रकाने भरले, कागद भरला. चिठ्ठीत तळाशी अकरावं नाव उरलं होतं. परदेशी खेळाडूचं नाव बाई नेहमी शेवटी लिहायच्या, म्हणून ते होतं आमच्या परदेशी पाहुणीचं, संघातल्या सगळ्यात भारी फलंदाजाचं. कॅप्टननं कागदावर नजरही न टाकता सही ठोकली. संघ तिला पाठ होता ना.

यादीची एक प्रत नाणेफेकीच्या दहा मिनिटं आधी माझ्याकडे येते. काही खटकलं तर मॅनेजरांना फोन करायचा, नाहीतर ‘तपासली’ असं लिहून सही करायची. सत्तावीस वर्षांत मी अशा निदान तीस चुका पकडल्यात.

पहिल्याच ओळीवर माझे डोळे थांबले. काचेतून खाली पाहिलं. पाहुणी पॅड बांधून हवेत बॅट फिरवत होती. फोटो बाटल्या भरत होती. फोन माझ्या हाताशी होता. मी फोन उलटा करून ठेवला, ‘तपासली’ लिहिलं आणि सही केली.

शेजारचे म्हातारे स्कोअरर आपल्या प्रतीवरून चष्मा वर करून म्हणाले, “तुमच्या पाहुणीला बरं नाही का?”

“मला काय माहीत? मी आपली यादी बघते.”

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि नाव लिहून घेतलं.

नाणेफेक झाली, याद्यांची अदलाबदल झाली आणि मग खाली जी बोंबाबोंब सुरू झाली! आता बदल करायचा तर समोरच्या कॅप्टनची परवानगी हवी. साहेब स्वतः धावत गेले, भर उन्हात, टायसकट. समोरच्या कॅप्टननं यादी शांतपणे वाचली.

“चांगली आहे की. असू दे,” ती म्हणाली.

तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

आम्ही आधी क्षेत्ररक्षणाला उतरलो. फोटोला सीमारेषेवर उभं केलं, नेमकं तिच्याच जाहिरातीच्या फळीपुढे. चौदाव्या षटकात एक फटका सुसाट तिच्याकडे आला. तिनं झेप घेतली, चेंडू आत ढकलला आणि स्वतः फळीवर जाऊन आदळली. उठली तेव्हा फळीवरच्या तिच्या तोंडाला हे एवढं भोक पडलं होतं. खरं तोंड शाबूत होतं, हनुवटी तेवढी खरचटलेली. दोन धावा वाचल्या. वाचवलेल्या धावांना स्कोअरबुकात रकाना नाही, याचा त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला.

पाहुणीविना आमची फलंदाजी कोसळली. फोटो अकराव्या क्रमांकावर आली तेव्हा सामना कधीच हातचा गेला होता. पहिला चेंडू हुकला. दुसरा हुकला. तिसरा पॅडला लागून बाजूला गेला आणि ती जीव खाऊन धावली. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. माझी पेन्सिल तिच्या नावापुढे टेकलेली होती. एक लिहायला किती वेळ लागतो? पण पंचांनी गुडघा उचलून त्यावर हात थोपटला. लेगबाय. धाव संघाची, तिची नाही. एक लबाडी मी सकाळी केली होती, दुसरी हाताला जमेना. मी तिच्यापुढे बिनधावेचं तिसरं टिंब दिलं. पुढच्याच चेंडूवर दुसऱ्या टोकाची आउट झाली. आम्ही सव्वीस धावांनी हरलो.

सामनाधिकारी वर येऊन गेले. “यादी तपासली होती ना?” म्हणाले. मी सही दाखवली. पुढच्या मोसमात मला बोलावतील असं वाटत नाही. तिला बोलावतील, कारण फतवा ऑफिसचाच होता आणि ती आता खेळलेली होती.

वही मिटणार तेवढ्यात दाराशी तिचे वडील. टोपी हातात.

“ताई, पान दाखवता?”

मी वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी तिच्या नावावर बोट ठेवलं आणि सावकाश पुढे सरकवत नेलं. टिंब, टिंब, टिंब.

“शून्य,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि त्याच्यापुढे हे काय?”

“नाबाद.”

“म्हणजे कुणी आउट केलं नाही तिला?”

“कुणीच नाही, दादा.”

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. ज्यांच्या पाठीमागे दोन वर्षं मुलीचा पुरुषभर उंचीचा फोटो शहरभर फिरत होता, त्यांनी वाकून त्या बोटभर ओळीचा फोटो घेतला. हात हलला म्हणून दुसरा घेतला.