आबांच्या ट्रॅक्टरची लिंबू-मिरची

चुलतभाऊ म्हणून सांगायची लाज वाटते, पण आमचा गजा इंजिनाचं झाकण उघडायच्या आधी मोबाईल उघडतो. कर्जतला म्हणे गॅरेज आहे त्याचं. सकाळपासून तो आबांच्या ट्रॅक्टरपाशी उकिडवा बसून कुणाचा तरी हिंदी व्हिडिओ बघत होता.

ट्रॅक्टर माझ्या जन्माआधीचा. रिकामा असला की गुमान चालायचा आणि लोखंडी चाकं लावून चिखलात घातला की मरायचा. म्हणजे दोष गव्हर्नरकडे, हे शेंबड्या पोरालाही कळावं. भार आला की इंजिनाला जादा डिझेल सोडायचं, एवढंच त्याचं काम. इकडे कालव्याला पाणी आलेलं, उन्हाळी भाताचं आवण, म्हणजे रोपं, लावणीला आलेलं, आणि आमचे वडील, आबा, हटून बसलेले. चिखलणी होईल तर ह्याच ट्रॅक्टरनं आणि चालवणार फक्त ते स्वतः. वय ऐंशीच्या घरात, पण भाड्याचा पॉवर टिलर नको आणि मी स्टेअरिंगला हात लावलेला तर मुळीच नको.

"पंप खोलावा लागंल," गजा म्हणाला.

"व्हिडिओ संपला वाटतं," मी म्हटलं आणि त्याला बाजूला सारलं. मी मोहोपाड्याला कंपनीत मेंटेनन्सला आहे. असले गजे रोज बघतो.

गव्हर्नरपासून पंपाकडे एक काडी जाते. तिच्यावर वाळून काळी पडलेली लिंबू-मिरची लटकत होती. ह्या शहाण्यानं तिला धक्का न लावता, अंग चोरून चोरून आजूबाजूचे सगळे नट खोलले होते.

"ही का नाही काढली?"

"काकीनं बांधलीय. दुसऱ्याची लिंबू-मिरची मी नाय काढनार बा. तू काढ, मी इथं थांबत नाय." आणि हे मेकॅनिक महाशय तोंड फिरवून पार रस्त्यापर्यंत गेले.

मी पक्कड घातली. लिंबामागची तार काडीला पिळून पिळून चौकटीशी आवळलेली होती. काडी हलणार कशी, कप्पाळ! तार तोडली आणि काडी सरकन पुढं गेली.

तार घेऊन मी मागच्या पडवीत गेलो. आई तांदूळ निवडत होती.

"आई, तुझ्या ह्या लिंबानं ट्रॅक्टरचा गळा आवळला होता. काय एकेक येडेपणा तुमचा."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "मीच आवळला."

"म्हणजे?"

"ती काडी फुडं गेली का इंजिन चढतं, इतकी वरसं बघते मी. नुसती तार बांधली असती तर तुमी सोडवली असती." तिनं सूप खाली ठेवलं. "पावसाळ्यात चिखलणीला आवणाच्या मुठी घेऊन मी समोर हुबी होते. त्यांना दिसलेच नाय मी. वरडले, पन त्या आवाजात कुठलं ऐकू जातंय? बांधावर उडी टाकली म्हणून जित्ती राहिले रं."

"मग मला सांगायचं नाही?"

"कवा सांगनार? तू कुनाला बोलू देतोस?"

मी परत गेलो आणि तार होती तशी पिळून बांधली, लिंबासकट.

आबा काठी टेकत आले. "झालं का रं?"

"नाही आबा. गव्हर्नरच गेलाय. ह्याचे पार्ट आता मिळत नाहीत."

"कंपनीत काय झाडू मारतोस काय तू? येवढासा गव्हर्नर जमंना?"

"मी सकाळधरनं तेच सांगतोय, काका," रस्त्यावरून परत आलेला गजा म्हणाला. "पन हा कुनाचं ऐकंल तर ना."

मी खाली मान घालून पक्कड पुसत राहिलो. आबा बराच वेळ बडबडले. मग बंडीच्या खिशातून ट्रॅक्टरची चावी काढली. "घे. ठेव तुझ्यापाशी. काय त्या टिलरचं बघायचं ते बघ."

चावी त्यांनी डावीकडं धरली होती, चाकापाशी. तिथं कुणीच नव्हतं. मी हळूच तिकडं सरकलो आणि ती घेतली.